अर्धं हळकुंड

फेब्रुवारी-मार्चात दिवस मावळल्यावर वसमतहून कोणत्याही रस्त्याला लागा, शेताशेतांत पांढरी वाफ वर चढताना दिसते. हळद शिजत असते. कुकरवाला आपला बॉयलर आणि ड्रम ट्रॅक्टरला जोडून एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो. आपली पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला जाळ घालायचा. पाळी सोडली की पुन्हा आठवडा थांबा. काढलेली ओली हळद तेवढी थांबत नाही. म्हणून या दिवसांत आमच्याकडे रात्री कोणाला धड झोप नसते. बॉयलरभोवती माणसं बसतात, चहा होतो, तंबाखू मळली जाते, गप्पा होतात. सगळ्यांची बोटं पिवळी, कपडे पिवळे, भाकरीलासुद्धा हळदीचा वास.

मी लोकांसमोर पहिल्यांदा जादू केली ती अशाच एका रात्री, आमच्याच शेतात. प्रेक्षक चौदा. सगळ्यात लांबचा माणूस पाच हातांवर. सगळ्यात जवळ एक आठ-नऊ वर्षांची पोर, माझ्या डाव्या गुडघ्याला जवळजवळ टेकून. त्या रात्री माझ्या हातून जे झालं ते अजून बोचतं.

साल 2014. आदल्या वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला गेले असताना त्यांना गोळ्या घातल्या. डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्यानंतरचा हा पहिलाच हळदीचा हंगाम, आणि त्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून मराठवाड्यावर गारपीट सुरू झाली. उभा गहू आडवा, हरभरा मातीत, ज्वारी काळी. हळद जमिनीखाली होती म्हणून वाचली. पण अशा वर्षात माणूस आतून हलतो. कोणाचं कर्ज, कोणाचं आजारपण, कोणाच्या लेकीचं लांबलेलं लग्न, या सगळ्याला एकच कारण शोधावंसं वाटायला लागतं. ते कारण दाखवून पैसे घेणारे तेव्हाही गावोगाव फिरत होते.

जादूचं वेड मला लागलं हिंगोलीच्या दसऱ्यात. रामलीला मैदानावर प्रदर्शन भरतं, आकाशपाळणे येतात, मौत का कुआँ येतो. तिथल्या एका तंबूत मी सहावीत असताना एका माणसानं मुठीतून रुमालांची माळ काढली आणि मी घरी येईपर्यंत बोललो नाही. पुढे आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला हाताशी धरलं. गुरुजी शाळाशाळांत चमत्कारांचं सादरीकरण करायचे: जळता कापूर जिभेवर ठेवायचा, जिभेतून त्रिशूळ आरपार गेल्यासारखा दाखवायचा, नारळातून करणी काढायची, आणि मग प्रत्येक गोष्ट कशी केली ते पोरांना उलगडून सांगायचं. तरुणपणी पुण्यात त्यांनी जादूगार रघुवीर यांचा प्रयोग पाहिला होता. रघुवीरांचं ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक त्यांनी मला वाचायला दिलं, पुठ्ठा शिवून घेतलेली जुनी प्रत.

त्यांनीच सांगितलं की मोठ्या रंगमंचावरची जादू वेगळी आणि हातभर अंतरावर बसलेल्या माणसासमोरची वेगळी. मंचावर पेट्या असतात, दिवे असतात, पडदा असतो. जवळच्या जादूत फक्त दहा बोटं आणि समोरच्याची नजर. तुम्ही जिकडे बघाल तिकडे तो बघतो, एवढ्याच आधारावर सगळं उभं. म्हणून आपल्या मोकळ्या हाताकडे स्वतः मनापासून बघायला शिकावं लागतं, जणू नाणं खरंच तिथे आहे.

माझं नाणं होतं जुनं जाड पाच रुपयांचं, नऊ ग्रॅमचं. अंगठ्याचा फुगवटा आणि करंगळीखालचा मांसल भाग यांच्या चिमटीत ते तळहातावर धरून ठेवायचं आणि बोटं मोकळी, सैल दिसली पाहिजेत. सुरुवातीला ते दहा पावलांत खाली पडायचं. मी ते हातात धरून कॉलेजला जायचो, मोटर चालू करायचो, जेवायचो. सात-आठ महिन्यांनी असं झालं की नाणं हातात आहे हे मलाच आठवेना. आरशासमोर मी पक्का झालो होतो.

गुरुजींना करून दाखवलं तर ते म्हणाले, “आरसा तुझ्या समोर असतो, माणसं चहूबाजूंनी असतात. अजून कच्चं मडकं आहेस.”

आमच्या जिल्ह्यात कच्च्या मडक्याची गोष्ट कोणाला सांगावी लागत नाही. कयाधूकाठचं नरसी हे नामदेवांचं गाव. गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं, सगळे शांत राहिले, नामदेवांना राग आला, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. एवढ्या मोठ्या भक्ताला तिथून उठून औंढ्याला विसोबा खेचरांकडे शिकायला जावं लागलं. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तरी आपल्या डोक्यावर थापटणं पडतं तेव्हा ती आठवत नाही.

त्या रात्री पहिला ड्रम उतरला होता आणि दुसरा भरून वाफ धरायला वेळ होता. कुकरवाला म्हणाला, “मालकाचा पोरगा जादू शिकायलाय म्हणे. दाखव की बा काहीतरी.” बाया सरकून बसल्या. औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातून हळद काढायला आलेली टोळी होती, लेकरंबाळं संगं. माझी आजी बाजेवर बसून तंबाखू मळत होती.

मी नाणं काढलं. उजव्या हातातून डाव्या हातात दिल्यासारखं केलं, डावी मूठ मिटली, तिच्याकडे बघितलं, फुंकर मारली आणि मूठ उघडली. रिकामी. एक क्षण सगळे गप्प. त्या एका क्षणासाठी मी आठ महिने घालवले होते. तोंडात साखर ठेवावी तसा तो विरघळायला लागला होता, तेवढ्यात गुडघ्याशी बसलेली पोर म्हणाली, “त्या हातात हाय.”

तिला ते दिसणारच होतं. ती खाली बसलेली, आणि माझा उजवा हात तिच्या डोळ्यांच्या वर होता. आरशात खालून बघणारं कोणी नव्हतं. शिवाय मोठी माणसं तोंडाकडे बघतात, लहान लेकरू हाताकडे बघतं. ती वाईट बोलली नव्हती. सापडलं म्हणून आनंदानं बोलली होती. सगळे हसले. त्या हसण्यातही काही वाईट नव्हतं. दिवसभर वाकून हळद काढलेली माणसं हसली, एवढंच. पण माझ्या तळहाताला घाम सुटला. नाणं सुटून मातीत पडलं. मी ते उचललं आणि मला दिसलं की माझी बोटं थरथरताहेत.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला ते हसू परत घ्यायचं होतं.

माझ्याकडे दुसरा एक प्रयोग होता, गुरुजी शाळेत करायचे तो. वाळलेलं हळकुंड टणक असतं, पण ताजं शिजलेलं बोटानं मोडतं. मी एक घेतलं, मधून मोडलं, आणि पोरीच्या आईला म्हणालो, हात पुढे करा. अर्धं हळकुंड तिच्या तळव्यावर चोळलं. पिवळ्या हातावर आणखी पिवळं. माझ्या अंगठ्याच्या नखात ओला चुना होता, मघाशीच भरून ठेवलेला. बोलता बोलता तो अंगठा तिच्या तळव्यावरून फिरवला, तिची मूठ मिटवली आणि वर माझा हात धरला.

चुना लागला की हळद लाल होते. जुन्या पद्धतीनं कुंकू करतात ते याच गुणावर. एवढंच होतं त्यात. पण मला आता नुसती जादू पुरेशी वाटत नव्हती. मी डोळे मिटले. आवाज खाली आणला. कुठल्या कुठल्या बाबांचं ऐकलेलं आठवून काहीतरी पुटपुटलो. मग म्हणालो, “तुमच्या घरात एका लेकराला त्रास आहे. बाहेरचा आहे.”

हे मला कुठून कळलं? कुठूनच नाही. गारपिटीच्या वर्षी रानात मजुरीला आलेल्या कोणत्याही बाईला हे सांगा. तिच्या घरात एखाद्या लेकराला काही ना काही त्रास असतोच. तिच्या हाताला कंप सुटला तो मला माझ्या हातात लागला. मी तिची मूठ उघडली. तळव्याच्या मधोमध लालभडक डाग.

कोणी हसलं नाही. बॉयलरमध्ये लाकूड तडतडलं तेवढाच आवाज. कुकरवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मी मान वर केली आणि मला वाटलं, जिंकलो.

दुसरा ड्रम उतरवून मंडळी पांगली. मी विहिरीकडे हात धुवायला गेलो तर ती बाई मागून आली. लेकीला हाताला धरून. तीच पोर, नाणं दिसलेली. जवळून बघितलं तेव्हा तिच्या गळ्यात चार-पाच काळे दोरे होते आणि दंडावर बिब्ब्याचे जुने चट्टे. आई म्हणाली, “हीच हाय जी. मिरगी येती. दोन साल झाले. बोकड दिलं, दोरे बांधले, कांदा हुंगवतो. तुम्हाला न सांगता कळलं. तुमीच बघा आता.” तिनं पदराची गाठ सोडली आणि घडी केलेली पाचशेची नोट माझ्या हातात ठेवली.

पोर आईचा पदर ओढत म्हणाली, “माय, तो हातात लपवतो. म्या पाह्यलं.” आईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. त्याच हातावर तो लाल डाग होता.

आणि माझी मूठ मिटली. नोट नको असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, हे मी खरं सांगतो. पण तोंडातून शब्द येण्याआधी हात मिटला. आठ महिने मी त्याला हेच शिकवलं होतं: जे तळव्यावर येईल ते धरून ठेव आणि बोटं मोकळी दिसू दे. मी “उद्या बघतो” म्हणालो आणि निघून आलो.

आजी बाजेवर जागीच होती. “काय देलं तिनं?”

मी सांगितलं. आवाजात थोडा आनंद असेलही.

आजीनं आपला तळवा माझ्यासमोर धरला. दिवसभर हळद निवडलेला पिवळा तळवा, आणि मधोमध, जिथे ती अंगठ्यानं तंबाखू-चुना मळते तिथे, लाल चट्टा. तसाच. “हळदीच्या दिसांत हर तंबाखू खाणाऱ्याचा हात असा व्हतो. हे तुझी जादू हाय का?”

“मग तू तिथंच का नाही बोललीस?”

“खेळ व्हता तवर कामून बोलू? लेकरू पहिल्यांदा खेळ दाखवायलंय, मोडू नाई. पण तू देव आणलास, अन् आता तिच्या घामाचा पैका आणलास. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास रे.” मग जरा थांबून म्हणाली, “चुना लावला म्हणत्यात ते हेच.”

ती कूस बदलून झोपली. मी नाही झोपलो.

उजाडताच गुरुजींकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, नोटेसकट. वाटेत मी एक प्रश्न तयार केला होता, आणि तो विचारताना मला वाटत होतं की मी फार नेमकं बोट ठेवतो आहे: जादूगारानं गुपित फोडायचं नाही असा नियम आहे ना? मग मी तिला कसं सांगू?

गुरुजी चुलीपुढे बसले होते. त्यांनी चहा गाळला, माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, “तिकीट काढून जो तुझा खेळ बघायला आला, त्याला गुपित सांगू नको. त्याला गुपित नकोच आहे, त्याला नवल हवं आहे. पण काल ती बाई काय मागायला आली होती?”

“औषध.”

“औषध मागणाऱ्यापासून गुपित लपवलं तर त्याला जादू म्हणत नाहीत.”

मी कायद्याचं विचारलं. ते म्हणाले, हो, अशा फसवणुकीला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. “पण मी तुला त्याचं भ्या दाखवणार नाही. काल तू तेच केलंस ना? भ्या दाखवलंस. मी पण तेच केलं तर तू काय शिकशील?”

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मी आजही प्रत्येक प्रयोगाआधी मनात म्हणतो, पण ती इथे लिहीत नाही; ती त्यांची माझ्याजवळची ठेव आहे. निघताना त्यांनी पिशवीत चार लिंबं टाकली.

रात्री पुन्हा बॉयलर पेटला. मी सगळ्यांना बोलावलं. आधी तिची नोट तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही. तिचा चेहरा पडला. “कमी पडले का जी? हप्त्याला आणखी देते.”

हे मला अपेक्षित नव्हतं. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की संपलं. मी नखातला चुना दाखवला. कसं केलं ते सांगितलं. घरातलं लेकरू कसं ओळखलं तेही सांगितलं, की ओळखलंच नव्हतं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की मी टाळाटाळ करतो आहे असं तिला वाटतं. “मोठे लोक बी असंच म्हणत्यात,” ती म्हणाली. “आमच्यात काई नाई म्हणत्यात. तुमी नका ना लपवू.”

एक रात्र लागली होती ते बसवायला. उतरवायला माझ्याकडे शब्दच नव्हते. खोटं बोलताना मी तिचा हात हातात घेतला होता. खरं मात्र दोन हात लांबून सांगत होतो.

तेवढ्यात पोर उठली. “दे माझ्याकडं.”

मी तिला आजीची चुन्याची डबी दिली आणि अर्धं हळकुंड दिलं. तिनं आईचा दुसरा हात ओढला, ज्यावर डाग नव्हता तो. हळकुंड चोळलं. बोटाच्या टोकावर चुना घेतला. मोठा श्वास घेतला, अगदी काल मी घेतला होता तसा, आणि बोट फिरवलं. आईच्या तळव्यावर लाल रेघ उमटली. पोरीनं पुढे गोल काढला, त्यात दोन डोळे काढले, एक तोंड. मग माझ्याकडे बघितलं. मी लिंबू कापून तिच्या हातात दिलं. तिनं पिळलं. रस जिथे जिथे पोचला तिथे लाल रंग हटला, पिवळा परत आला, आणि आधी तोंड गेलं, मग एक डोळा.

आई आपल्या हाताकडे बघत राहिली. लेकीनं केलं होतं. तिच्याच लेकीनं, जिच्या अंगात काही आहे म्हणून दोन वर्षं दोरे बांधले, तिनं. कोणताही मंत्र न म्हणता.

कुकरवाल्यानं आपला तळवा उजेडात धरला. त्याच्याही हातावर तंबाखूचा लाल चट्टा होता. तो म्हणाला, “बारा साल झाले हळद शिजवतो. रोज हात लाल व्हतो. काल मला हे सुचलंच नाई.” ओशाळून नाही म्हणाला, त्याला खरंच कोडं पडलं होतं. तिथल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक होती. साबणानं धुतल्यावर हळदीचा डाग लाल होतो हे प्रत्येक बाईला ठाऊक होतं. हळद पिकवणाऱ्या, काढणाऱ्या, शिजवणाऱ्या माणसांना मी हळदीनं फसवलं होतं.

बाईनंच उत्तर दिलं. हळू आवाजात म्हणाली, “लेकराचं नाव काढलं अन् मंग मला दुसरं काईच दिसंना.”

तिनं नोट घेतली. पदराला बांधली.

पुढचं लगेच आणि सोपं झालं नाही. टोळी आठ दिवसांनी दुसऱ्या शेतात गेली. गुरुजी आणि मी दोनदा जाऊन बोललो तेव्हा ती लेकीला घेऊन वसमतच्या स्टेशनवर आली आणि आम्ही गाडीनं नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोरीला नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि आईला तीन वेळा सांगितलं: रोज द्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत. मिरगी हा मेंदूतल्या विजेच्या गडबडीचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान होऊन योग्य औषध मिळालं तर दहातल्या सातपर्यंत रुग्णांचे झटके थांबू शकतात. पोरीला पावसाळ्याआधी आणखी एक झटका आला, आणि घरच्या मोठ्यांनी तिला पुन्हा एका बाबाकडे नेलं. आईनं गोळ्या मात्र सोडल्या नाहीत. गळ्यातले दोरे एकेक करून गेले. एक राहिला. तो का ठेवला हे मी कधी विचारलं नाही.

ती आता विशीत आहे. रात्रीची एक गोळी अजून चालू आहे. झटका येऊन किती वर्षं झाली ते तिची आई बोटांवर मोजून सांगते.

गुरुजी आता नाहीत. त्यांचं काम मी आणि आणखी दोघं करतो. वर्षभरात जिथे जमेल त्या शाळांत, सप्ताहाच्या मंडपात, हळदीच्या हंगामात रात्री बॉयलरपाशी. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पोरं या प्रयोगाला ‘आपल्या हळदीची जादू’ म्हणतात. नाण्याचा खेळ मी अजून करतो, आणि तो कसा करतो ते कोणाला सांगत नाही. ती पोरही सांगत नाही. समोर बसलेली असली की हसते फक्त. खाली, डाव्या बाजूला कोणी लेकरू बसलं आहे का, हे मात्र मी आधी बघून घेतो. हळदीचा प्रयोग मी स्वतःच्या हातानं पूर्ण करत नाही. अर्धं हळकुंड आणि चुन्याची डबी समोरच्याच्या हातात देतो आणि मागे सरकून बसतो.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरात हळद आहे, साबण आहे, लिंबूही असेल. पांढऱ्या फडक्यावर ओल्या हळदीचा डाग पाडा, साबण लावा, तो लाल होईल. साबण धुऊन टाका, लिंबू पिळा, पिवळा होईल. पोरांना दाखवा, थोडं नवल वाटू द्या. मग त्याच बैठकीत फडकं, साबण आणि लिंबू त्यांच्या हातात द्या, आणि त्यांना ते आजी-आजोबांना करून दाखवू द्या. आणि शेजारीपाजारी एखाद्या लेकराला मिरगी येत असेल तर त्याला या आठवड्यात दवाखान्यात न्या. सोबत जा. एकट्या आईला ते फार अवघड जातं.